बंदुकीच्या परवान्यांच्या निवेदनावर मी सही का केली नाही : तालुक्यातल्या सरपंचांना खुलं पत्र

तालुक्यातील सर्व सरपंच, उपसरपंच आणि सदस्य मंडळींस,

सप्रेम रामराम.

मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी तिघं माझ्या ओसरीवर येऊन गेले. चहा झाला, तुरीच्या भावाचं बोलणं झालं, मग पिशवीतून निवेदन निघालं. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं होतं. विषय असा की तालुक्यात चोऱ्या-दरोडे वाढले, म्हणून कास्तकारांना स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने सोप्या रीतीनं आणि लवकर मिळावेत. खाली बऱ्याच गावांचे शिक्के पडलेले होते. माझी सही पाहिजे होती, कारण तालुक्यात ज्या मोजक्या घरांत परवान्याची बंदूक होती त्यांतलं एक माझं. दोन दिवसांत सांगतो म्हटलं, त्याचे आठ झाले. तोंडी नाही म्हटलं असतं तर "काकाजी आता म्हातारे झाले" म्हणून तुम्ही उठून गेला असता. म्हणून लिहितो, आणि सगळ्यांनाच लिहितो.

आमची बंदूक बापाच्या वेळची. बारा बोअरची दुनाळी, बाहेरून दोन घोडे असलेली. बाप गेल्यावर वारस म्हणून मी अर्ज केला, पोलिसांची चौकशी झाली, परवाना माझ्या नावावर आला. पुढं एकोणीस वर्षं ती माझ्या घरात होती. पाच वर्षांपूर्वी मी ती ठाण्यात नेऊन दिली आणि परवाना परत केला. का दिली, हे मी घरीही धड सांगितलेलं नाही. आज सांगतो.

पौषातली गोष्ट. चण्याला दुसरं पाणी सुरू होतं. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्री बाराला येत होती आणि सकाळी आठला जात होती. शिवारात मोटरी आणि केबल चोरीला जात होत्या. दोन धुरे पलीकडच्या विहिरीवरून नवीकोरी मोटर गेली होती. म्हणून मी बंदूक घेऊन वावरातच झोपत होतो. लाइन आली, मोटर सुरू केली, पाइप बदलले आणि झोपडीत बाजेवर आडवा झालो. दोनच्या सुमारास स्टार्टरच्या पेटीजवळ खुडबुड ऐकू आली. बॅटरी मारली नाही, चोर सावध होईल म्हणून. "कोन आहे बे?" म्हणून आवाज दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला, तरी नाही. पेटीशी एक आकृती वाकलेली दिसत होती. आमच्यात पंधरा-वीस पावलांचं अंतर असेल. डाव्या नळीत काडतूस होतं. मी अंगठ्यानं घोडा ओढला. थंडीतलं ते लोखंड अंगठ्याला कसं लागलं ते मला अजून आठवते.

तेवढ्यात त्या माणसाच्या हातातला मोबाइल उजळला आणि त्याचं तोंड दिसलं. शेजाऱ्याचा पोरगा, अकरावीतला. दोन्ही कानांत इयरफोन घातलेले. त्यांची मोटर उचलत नव्हती म्हणून बापानं त्याला पाठवलं होतं, आमच्याकडं तिन्ही फेज आहेत का ते पाहायला. माझा एकही आवाज त्याच्या कानापर्यंत गेला नव्हता.

चढवलेला घोडा बार न उडवता खाली आणायचा असेल तर हात स्थिर लागतो. माझे दोन्ही हात कापत होते. घोडा खाली बसवला, बंदूक बाजेखाली सरकवली आणि मग हाक मारली. त्यानं एक इयरफोन काढला आणि म्हणाला, "काकाजी, तुमी जागेच हाव काजी? आमची मोटर नाई उचलून राह्यली." मी शेकोटी पेटवली आणि त्याला चहा करून पाजला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला ही गोष्ट माहीत नाही. हे पत्र फिरत फिरत त्याच्या मोबाइलवर गेलंच तर बापू, त्या रात्री चहात साखर जास्त का पडली होती ते आता समजून घे.

मंडळी, आपल्या शिवारात रात्री कोण फिरते? शंभरातले नव्याण्णव आपलेच लोक. ओलितवाले, जागलवाले, डुकरं हाकलणारे, रात्री अडलेल्या गाईसाठी धावणारे. वीजवाल्यांच्या वेळापत्रकानं अख्खा तालुका अंधारात बाहेर काढला आहे. त्याच अंधारात आता घरटी एक बंदूक द्यायची म्हणता.

निवेदनात तुम्ही तीन घटना लिहिल्या आहेत. तिन्ही मला माहीत आहेत. त्यांतल्या दोन दिवसाढवळ्या झाल्या. कापूस वेचणीला घरचे सगळे वावरात, दाराला कुलूप, आणि चोरानं कडी उचकटली. या दोन घरांत बंदूक असती तर तिनं काय केलं असतं? पोत आणि रोकड यांच्यासोबत तीही गेली असती. परवान्याची बंदूक चोराच्या हाती पडली की तिचा परवाना कोण विचारते?

तिसरी घटना खरी भीतीची आहे. गावाबाहेरच्या वस्तीवर दोघंच म्हातारा-म्हातारी, रात्री चौघं दार तोडून आत आले. म्हातारीच्या कानातलं ओढलं तेव्हा कानाची पाळी फाटली. ही गोष्ट मी हलकी करत नाही. असं आपल्या माय-बापावर झालं तर बंदूक घ्यावीशी वाटणारच. कायदाही स्वतःचा जीव वाचवायचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण मी त्या काकाजींकडं जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, बंदूक असती तर? ते म्हणाले, "अरे, मले चष्मा सापडला नाई थ्या राती. बंदूक असती त त्यायनं पयले माह्यावरच धरली असती."

बंदूक उशाखाली भरून ठेवायची वस्तू नाही. परवाना मागताना ती सुरक्षित, कुलपात ठेवीन अशी हमी लिहून द्यावी लागते, आणि ते बरोबरच आहे, घरात लेकरं असतात. म्हणजे पेटी एका कोपऱ्यात, किल्ली दुसऱ्या जागी, काडतुसं तिसऱ्या जागी. दार तुटायला लागला असेल अर्धा मिनिट. आता तुम्हीच घरी जाऊन घड्याळ लावून पाहा, अंधारात, झोपेतून उठून. आणि हमी मोडून बंदूक भरलेलीच ठेवायची म्हणता, तर ती चोवीस तास भरलेली राहील. चोर वर्षातून एखाद्या रात्री येईल, नाहीतर कधीच येणार नाही.

त्या रात्री कामी आलं असतं ते वेगळं होतं. वस्तीच्या वाटेवरचे दोन्ही दिवे महिनाभर बंद होते. म्हातारीनं आरडाओरडा केला, तो गावापर्यंत गेला नाही. ११२ ला फोन लागला, पण गाडी लांब होती. आणि पोलीस पाटलाची जागा किती दिवसांची रिकामी आहे ते मी तुम्हाला काय सांगू? निवेदनात यातली एकही गोष्ट नाही.

आता अमेरिकेबद्दल, कारण तुमच्यापैकी एकानं मला तो व्हिडिओ पाठवला आहे. तिथं घराघरात बंदूक असल्यामुळं चोर घाबरते, असं त्यात एक माणूस सांगतो. तिथं शंभर माणसांमागे सुमारे १२० खाजगी बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. चोराला भिववून खून कमी होत असते तर तिथं सर्वांत कमी व्हायला पाहिजे होते. २०२२ मध्ये तिथं लाखामागे सहाच्या वर खून झाले, आपल्या देशात दोनाच्या आसपास. हा फरक एकट्या बंदुकीमुळं पडतो असं मी म्हणणार नाही, दोन देशांत बाकीही पुष्कळ वेगळं आहे. कमरेला बंदूक लावून फिरायची मोकळीक दिल्यानं गुन्हे घटतात की वाढतात, यावर तिथले अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं सगळे अभ्यास तपासले आणि हातातल्या पुराव्यावरून कोणत्याच बाजूनं ठाम सांगता येत नाही असं म्हटलं. नंतरचे बरेच अभ्यास वाढतात या बाजूला झुकलेले आहेत.

आपल्या देशाचेही आकडे घ्या. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि आपल्या महाराष्ट्रात ८४ हजार. मला वाटलं, आता सिद्धच करतो की तिकडं खून जास्त. पण २०२२ च्या नोंदीत लोकसंख्येच्या मानानं खुनाचं प्रमाण उत्तर प्रदेशात आपल्यापेक्षा थोडं कमीच आहे. आकडा माझ्या बाजूनं बोलत नाही म्हणून लपवू कशाला? परवान्यांच्या बेरजेवरून राज्य सुरक्षित की असुरक्षित हे ठरत नाही, एवढंच मी त्यातून घेतलं. तुम्हीही तेवढंच घ्या.

घराच्या आत काय होते, हे मात्र जास्त स्पष्ट दिसते. कॅलिफोर्नियात बारा वर्षांहून जास्त काळ लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. ज्यांच्या घरात दुसऱ्या कुणाकडं पिस्तूल आहे अशा लोकांचा खून होण्याचं प्रमाण बिनपिस्तुलाच्या घरांतल्या लोकांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीनं मरण्याचं प्रमाण तर सातपट, आणि त्यात बहुतेक बायाच. अनोळखी माणसाच्या हातून मरण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. म्हणजे पिस्तूल आणलं बाहेरच्यासाठी, आणि चाललं घरच्यांवर.

अमेरिका सोडा. गेल्या दहा वर्षांत आपल्या तालुक्यात झालेले खून बोटांवर मोजा, तुम्हाला नावानिशी माहीत आहेत. धुऱ्यावरून भाऊ-भाऊ भांडले आणि कुऱ्हाड चालली. दारू पिऊन नवऱ्यानं बायकोला मारलं. पोळ्याच्या दिवशी जुनं वैर निघालं. चोरानं येऊन मारलेले किती? कुऱ्हाड उगारली की मधे पडायला माणसाला जागा मिळते. त्या भांडणांतले निम्मे लोक आज जिवंत आहेत ते कुणीतरी मधे पडलं म्हणून. बंदुकीच्या मधे कोण पडणार?

सरकारलाही हे ठाऊक आहे, बरं का. एकोणीस वर्षांत जेवढ्या निवडणुका आल्या, तेवढ्या वेळा मला निरोप आला की बंदूक जमा करा. गोधडीत गुंडाळून एसटीनं नेली, पावती घेतली, निकालानंतर परत आणली. ज्या दिवसांत गावात तंटा व्हायची भीती जास्त, त्याच दिवसांत बंदुका आधी गोळा करतात. ठाण्याच्या व्हरांड्यात रांगेत बसलो असताना दरवेळी मला हसू यायचं.

आता जे लिहितो ते लिहावं की नाही याचा मी तीन दिवस विचार केला. आपला जिल्हा यवतमाळ. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर कशामुळं गेलं, हे तुम्हाला सांगायला नको. माझा एक जुना मित्र, दोन वर्षं बोंडअळी, बँकेची नोटीस, पोरीचं लग्न मोडलेलं. एका संध्याकाळी त्यानं फवारणीचं औषध घेतलं. बायकोला वास आला, पोरं धावली, जीपमध्ये टाकून दवाखान्यात नेलं. अकरा दिवस तो तिथं होता. वाचला. आज नातवाला सायकलवर शाळेत सोडते. मी त्याला एकदा विचारलं, तर म्हणाला, "अर्ध्या घंट्याचं येड होतं बाप्पा, उतरलं." त्या अर्ध्या तासात त्याच्या हाताशी बंदूक असती तर जीप आणायला वेळच मिळाला नसता.

श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली आणि वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. लोकांचं दुःख तेवढं कमी झालं नव्हतं, वाईट घटकेला हाताशी जे असायचं ते निघून गेलं होतं. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. आपण औषधाचे डबे कुलपात ठेवा म्हणून ग्रामसभेत सांगतो, आणि त्याच ग्रामसभेत घरटी बंदुकीचा ठराव घेतो. त्या चोरापेक्षा मला आपल्याच कास्तकाराची ती अर्ध्या तासाची संध्याकाळ जास्त भिववते.

आणि समजा परवाने सोपे झाले, तरी मिळणार कुणाला? वस्तीवरल्या त्या काकाजींना? २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीनं 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, बायकांच्या रक्षणासाठी म्हणून. किंमत सव्वा लाखाच्या घरात. हमीभाव धरला तरी पंधरा क्विंटल कापूस झाला, म्हणजे कोरडवाहू तीन एकरांचं अख्खं पीक. रात्री एकटी राहणारी आपल्या गावातली कोणती बाई ते घेणार आहे? घेईल तो रेतीचे टिप्पर चालवणारा, सावकारी करणारा, पुढाऱ्याच्या गाडीत मागं बसणारा. बीडचं पाहा. त्या एका जिल्ह्यात हजारावर परवाने होते. २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचाला मारहाण करून मारलं, त्या परवान्यांनी त्याला वाचवलं नाही. नंतर छाननी लागली आणि ढिगानं परवाने रद्द झाले. तो सरपंचच होता, तुमच्यासारखा.

चंद्रपूरच्या पलीकडं गडचिरोलीत माझी बहीण दिलेली आहे. तिकडं घराघरात भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुका असायच्या, शिकारीच्या. जंगलातले नक्षलवादी आले की पहिली मागणी त्या बंदुकीची, आणि ते गेले की पोलिसांचा पहिला संशयही त्या बंदुकीवर. पुढं गावकऱ्यांनी आपणहून त्या पोलिसांकडं जमा केल्या, तशी गावं बरीच आहेत. आणि त्याच्याही पलीकडं छत्तीसगडात गावकऱ्यांच्या हाती बंदुका देऊन पाहिलंच होतं. शेवटी २०११ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्या परत घ्या.

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांचा विषय तुम्ही निवेदनात मधेच घुसवला आहे, तो काढा. तो खरा आहे, पण वेगळा आहे. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे, डुकरांसाठी वनखात्याची परवानगी आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करा. त्यावर मी सही करतो. चोराची भीती दाखवून डुकराची बंदूक मागायची आणि ती धुऱ्याच्या भांडणात काढायची, असं नको.

मी जाड अक्षरात एक दुसरं निवेदन लिहून ठेवलं आहे. शेतीची थ्री फेज लाइन दिवसा द्या, हे त्यात पहिलं. त्यानं चोरीही कमी होईल आणि सापही कमी चावतील. पोलीस पाटलांच्या रिकाम्या जागा भरा. वस्त्यांवरचे दिवे लावा. ते खरं म्हणजे तुमच्याच ग्रामपंचायतीचं काम आहे, पण लिहिलं आहे. ११२ ची एक गाडी रात्री तालुक्याच्या आपल्या टोकाला उभी ठेवा. ग्रामसुरक्षा दल कागदावर आहे ते रस्त्यावर आणा. पूर्वी सुगीत पाळीपाळीनं जागल असायची, घरटी एक माणूस, एक काठी, एक शिट्टी. माझी पाळी लावणार असाल तर मी अजून येतो, गुडघा दुखते पण बसून शिट्टी मारता येते.

तुमचं निवेदन माझ्या टेबलावर आहे, सही न केलेलं, शिक्क्यांना धक्का न लावता. गुरुवारी बाजाराला येतो तेव्हा परत करीन. दुसरा कागदही सोबत राहील. बाजारातल्या कृषी केंद्राच्या ओट्यावर अकरापासून आहे. येताना आपापले शिक्के घेऊन या.

आपला,
एक कास्तकार
जिल्हा यवतमाळ